चिंध्यांची साखर

फ्रान्सच्या ईशान्येला नॉन्सी नावाचं शहर आहे. तिथल्या वनस्पतिउद्यानाचे संचालक आंरी ब्राकोनो १८१९ साली आपल्या प्रयोगशाळेत लिननच्या जुन्या चिंध्या घेऊन बसले. तीव्र गंधकाम्ल थोडं थोडं सोडत त्यांनी त्या घोटायला सुरुवात केली. कापडाची वीण सुटली, धागे विरले आणि डिंकासारखा चिकट लगदा उरला. त्यात भरपूर पाणी घालून त्यांनी तो कित्येक तास उकळला, आम्लाचा अंश काढून टाकला आणि उरलेला रस आटवला. रस गोड लागला. आटवून ठेवल्यावर त्यात साखरेचे कण धरले. मग त्यांनी चिंध्यांच्या जागी लाकडाचा भुसा घेतला. तोही गोड झाला.

साखर तोलली तेव्हा ती मूळ चिंध्यांपेक्षा वजनाला जास्त भरली. ऐकणाऱ्यांना हे पटणं अवघड होतं. पण त्यात हातचलाखी नव्हती. कापडातल्या लांबलचक साखळीचा एकेक दुवा तुटताना पाण्याचा एकेक रेणू तिथे जोडला जातो आणि साखरेचं वजन वाढतं. साखळी पूर्णपणे तुटली, तर शंभर ग्रॅमला एकशे अकरा ग्रॅम साखर मिळायला हवी. हा हिशेब मांडण्याइतकं रसायनशास्त्र तेव्हा पुढे गेलेलं नव्हतं. ब्राकोनोंनी फक्त जे दिसलं ते प्रामाणिकपणे नोंदवलं.

त्या काळी युरोपात साखर हा जिव्हाळ्याचा विषय होता. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटनची व्यापारी कोंडी सुरू केली आणि वेस्ट इंडीजमधली उसाची साखर युरोपच्या बंदरांत येईनाशी झाली. कुणी बीट पिळत होतं, कुणी द्राक्षांचा रस आटवत होतं. सेंट पीटर्सबर्गमध्ये गॉटलीब किर्शहॉफ डिंकाला पर्याय शोधत होते. १८११ मध्ये त्यांनी स्टार्च पातळ गंधकाम्लात उकळला आणि त्यांच्या हाती गोड पाक लागला. ही युक्ती कारखान्यांनी लगेच उचलली, कारण बटाटा आणि धान्य यांतला स्टार्च आम्लापुढे फारसा तग धरत नाही. ब्राकोनोंनी तेच आम्ल कापडाला आणि लाकडाला लावलं. तिथे मात्र गाठ वेगळ्याच पदार्थाशी होती.

त्या पदार्थाची ओळख पटली १८३८ मध्ये. पॅरिसच्या आन्सेल्म पायें यांनी निरनिराळ्या वनस्पतींच्या ऊतींमधून सगळं काही धुऊन काढलं, तेव्हा प्रत्येक वेळी एकच तंतुमय पांढरा पदार्थ हाती आला. त्याला त्यांनी सेल्युलोज म्हटलं. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात, फरक फक्त दुवा जोडण्याच्या पद्धतीत. स्टार्चची साखळी वळणं घेत जाते. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना समांतर लागून घट्ट बिलगतात आणि त्यांचे स्फटिकासारखे जुडगे होतात. त्यावर आणखी दोन थर. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. सेल्युलोजचे जुडगे म्हणजे कारवीच्या काठ्या, हेमिसेल्युलोज म्हणजे त्यांना गुंडाळलेलं बांधण आणि लिग्निन म्हणजे वरून थापलेलं लिंपण. झाड वादळात उभं राहतं आणि पडल्यावरही वर्षानुवर्षं कुजत नाही, ते या भिंतीच्या जोरावर. ही भिंत फोडून आतली साखर काढायची आणि ती यीस्टला खायला घालून अल्कोहोल करायचं, एवढंच पुढच्या पिढ्यांपुढचं काम होतं.

सोपं वाटतं, पण मेख साखरेतच आहे. जे आम्ल सेल्युलोजची साखळी तोडून ग्लुकोज मोकळं करतं, तेच आम्ल मोकळ्या झालेल्या ग्लुकोजलाही सोडत नाही. उष्णतेत ते त्यातलं पाणी हिसकावून घेतं आणि साखरेचं करपट, कडवट द्रव्यांत रूपांतर करतं. साखरेचा जन्म आणि तिचा नाश एकाच हंड्यात, एकाच वेळी चालू असतो. गुऱ्हाळावरच्या गुळव्याला ही घालमेल नीट कळेल. काहील वेळेवर उतरवली नाही तर गूळ काळा पडतो. पण गुळव्याला पाक डोळ्यांसमोर दिसतो, त्याच्या बुडबुड्यांवरून त्याला घडी साधता येते. लाकूड शिजवणाऱ्याचा हंडा दाबाखाली बंद असतो, आणि आतला भुसा सगळा एकाच वेळी शिजत नाही. कोवळा भाग आधी साखर देतो आणि कठीण भाग फुटेपर्यंत ती आधीची साखर जळून जाते.

ब्राकोनोंनी यातून वाट काढली होती ती तीव्र आम्ल वापरून. तीव्र आम्लाला फारशी उष्णता लागत नाही, म्हणून साखर वाचते. पण चिंध्यांच्या वजनाहून जास्त आम्ल ओतून साखर करायची म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. म्हणून पुढची पिढी पातळ आम्लाकडे वळली. आम्ल पाण्यासारखं पातळ, पण हंडा बंद आणि वाफेचा दाब मोठा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयनार सिमोनसेन यांनी या रीतीचे पद्धतशीर प्रयोग केले. त्याच धर्तीवर १९१० नंतर अमेरिकेत दोन कारखाने उभे राहिले, एक साउथ कॅरोलिनातल्या जॉर्जटाऊनला आणि दुसरा लुइझियानातल्या फुलर्टनला. दोन्ही लाकूड कापण्याच्या मोठ्या गिरण्यांना खेटून. गिरणीतून भुसा यायचा, तो आम्लाच्या वाफेत शिजायचा आणि टनाला वीस-बावीस गॅलन अल्कोहोल निघायचं. पहिलं महायुद्ध संपलं, गिरण्यांची लाकूडतोड मंदावली, कॅरिबियन बेटांवरून मळी स्वस्तात येऊ लागली आणि दोन्ही कारखाने बंद पडले. मळीत साखर आयतीच असते. तिला फोडावं लागत नाही, शिजवावं लागत नाही. या कहाणीत मळी पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी लाकडाचीच हार होते.

जर्मनीत गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. १९१३ मध्ये रिशार्ड विलश्टेटर आणि लास्लो त्सेखमायस्टर यांच्या लक्षात आलं, की बाजारात मिळणारं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे साधारण ३७ टक्क्यांचं, सेल्युलोजला जवळजवळ काहीच करत नाही. तेच आम्ल आणखी वायू सोडून ४०-४१ टक्क्यांपर्यंत नेलं, की सेल्युलोज त्यात थंडपणीच विरघळतं. तीन-चार टक्क्यांच्या फरकावर सगळं अवलंबून! उष्णता नाही म्हणजे करपणं नाही. साखर जवळजवळ पूर्ण हाती लागते.

या शोधाचा कारखाना करण्याचं वेड फ्रीडरिश बेर्गियस यांनी घेतलं. बेर्गियस म्हणजे कोळशापासून द्रवरूप इंधन बनवणारे, ज्यांना १९३१ चं रसायनशास्त्राचं नोबेल कार्ल बॉश यांच्यासोबत मिळालं. कोळशाचे हक्क मोठ्या कंपनीकडे गेल्यावर त्यांनी आपलं मन, वेळ आणि पैसा लाकडात ओतला. मानहाइमजवळ राइनाऊ इथे त्यांचा कारखाना होता. जंगल हे जर्मनीचं न संपणारं शेत आहे, त्यातून जनावरांना वैरण आणि माणसांना अन्न मिळू शकतं, अशी त्यांची धारणा होती. अडचण आम्लाची होती. लाकडापेक्षा कितीतरी जास्त आम्ल लागायचं, म्हणून ते परत मिळवलंच पाहिजे, नाहीतर दिवाळं ठरलेलं. पण धूर सोडणारं हे आम्ल लोखंड खातं, तांबं खातं, सांधे खातं. चिनी मातीचे नळ, काचेसारख्या लेपांची भांडी आणि कमी दाबाखालचं ऊर्ध्वपातन यांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली गेली, तेव्हा कुठे आम्ल परत फिरू लागलं. शिवाय थंड आम्लातून निघालेली साखर लहान लहान साखळ्यांच्या रूपात असायची. यीस्टला ती चालत नसे, म्हणून ती पातळ आम्लात पुन्हा एकदा उकळावी लागे.

त्याच काळात हाइनरिश शोलर यांनी पातळ आम्लाचीच रीत धरून एक साधी आणि सुंदर कल्पना लढवली. साखर हंड्यात राहते म्हणून जळते ना? मग तिला राहूच द्यायचं नाही. उभ्या उंच हंड्यात भुसा आणि ढलप्या ठासून भरायच्या, वरून अर्ध्या टक्क्याच्या आसपासचं गरम गंधकाम्ल सोडायचं, आणि जी साखर सुटेल ती खालून लगेच बाहेर काढायची. पुन्हा नवं आम्ल, पुन्हा निचरा. गाळणीतून कॉफी गाळावी तसं. तापमान १७० ते १८५ अंश, एका हंड्याला पंधरा-वीस तास. बाहेर आलेला रस चुन्यानं निवळायचा आणि यीस्टला द्यायचा. हॅम्बुर्गजवळच्या टोर्नेश गावी ही रीत सिद्ध झाली, म्हणून तिला शोलर-टोर्नेश असं जोडनाव मिळालं. टनाला दोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल, म्हणजे जॉर्जटाऊनच्या दुपटीहून जास्त. पुढे डेसाऊ आणि होल्ट्समिंडेन इथेही असे कारखाने निघाले.

१९३६ नंतर हिटलरच्या राजवटीने युद्धासाठी स्वयंपूर्णतेचा ध्यास घेतला आणि लाकडाच्या साखरेला सरकारी पाठबळ मिळालं. साखरेवर यीस्ट वाढवायचं आणि ते प्रथिनांसाठी जनावरांच्या खाद्यात मिसळायचं, ही योजना होती. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या शोधावर राइनाऊचा डोलारा उभा होता, त्याचे जनक विलश्टेटर ज्यू होते. म्युनिक विद्यापीठातल्या ज्यूद्वेषाचा निषेध म्हणून त्यांनी १९२४ मध्येच प्राध्यापकपद सोडलं होतं. १९३९ मध्ये त्यांना देश सोडून स्वित्झर्लंडला पळावं लागलं आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांनी प्राण सोडला. बेर्गियसही युद्धानंतर मायदेशी राहिले नाहीत. १९४९ मध्ये ब्वेनोस आयरेसला त्यांचा मृत्यू झाला.

सोव्हिएत संघाची गरज आणखी निराळी होती. सर्गेय लेबेदेव यांच्या रीतीने तिथे अल्कोहोलपासून कृत्रिम रबर बनत होतं, १९३२ पासून कारखान्यांत. रबरासाठी अल्कोहोल आणि अल्कोहोलसाठी बटाटे आणि धान्य, तेही दुष्काळ भोगलेल्या देशात. म्हणून लाकूड आणि पिकांचे अवशेष आम्लात शिजवण्याचे कारखाने १९३० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झाले. या विद्येचे मोठे जाणकार वसिली शार्कोव लेनिनग्राडच्या वन-तंत्र अकादमीत शिकवत.

८ सप्टेंबर १९४१ रोजी लेनिनग्राडला वेढा पडला. २० नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या नाताळापर्यंत मुलांना, वृद्धांना आणि कारकुनांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. तोही निव्वळ पिठाचा नव्हता. शार्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाच्या लगद्यावर प्रक्रिया करून पावात मिसळता येईल असं सेल्युलोज बनवलं. त्यात पोषण नव्हतं, पण पिठाला जोड मिळाली. त्यापलीकडे जाऊन त्यांनी लाकडाच्या साखरेवर यीस्ट वाढवलं. ते मात्र खरं अन्न होतं, प्रथिनांनी भरलेलं. उपाशी शहरात, बर्फात गोठलेल्या नळांच्या काळात, वीज नसताना, हे काम करणारी माणसं स्वतःही तोच पाव खात होती. आम्लाच्या या सगळ्या इतिहासात त्याचा याहून मोठा उपयोग कधी झाला नाही.

युद्धानंतर सोव्हिएत संघात ही विद्या टिकली आणि वाढली. भुसा, मक्याची बुरकुंडं, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, सरकीची सालं असं सगळं हंड्यांत जायचं आणि यीस्टचं खाद्य, अल्कोहोल, फरफुराल नावाचं रसायन बाहेर यायचं. असे काही डझन कारखाने तिथे चालले. बाजारभावाशी त्यांची गाठ पडली १९९१ नंतर, आणि मग ते एकामागून एक विझले.

अमेरिकेला लाकडाची आठवण पुन्हा झाली ती दुसऱ्या महायुद्धात, जपाननं मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर. रबर तुटलं, कृत्रिम रबरासाठी अल्कोहोल हवं, आणि कॅरिबियनची मळी आणणारी जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला १९१० पासून सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळा आहे. तिथे एल्विन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोलरची रीत घेतली आणि आम्ल थांबत थांबत सोडण्याऐवजी सतत वाहतं ठेवलं. पंधरा-वीस तासांचं काम सुमारे तीन तासांवर आलं आणि टनाला ६४ गॅलनपर्यंत अल्कोहोल निघू लागलं.

याच प्रयोगशाळेत जेरोम सीमन यांनी डग्लस फरचा भुसा वेगवेगळ्या तापमानांत आणि कमीजास्त तीव्रतेच्या गंधकाम्लात शिजवून दोन वेग मोजले, साखर जन्मण्याचा आणि साखर मरण्याचा. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानं सव्वाशे वर्षांच्या अंदाजपंचे कारभाराला पहिल्यांदा आकड्यांत बांधलं. तापमान वाढवलं की दोन्ही वेग वाढतात, पण जन्माचा वेग मृत्यूपेक्षा जास्त झपाट्याने वाढतो. म्हणजे मंद आचेवर रात्रभर शिजवण्यापेक्षा भडक आचेवर क्षणभर शिजवणं जास्त लाभाचं. गुळव्याच्या अनुभवाच्या अगदी उलट! पण हंडाभर भुसा काही सेकंदांत तापवायचा आणि काही सेकंदांत थंड करायचा कसा, याचं उत्तर तेव्हाच्या यंत्रांकडे नव्हतं.

ओरेगनमधल्या स्प्रिंगफील्डला मॅडिसनच्या रीतीचा मोठा कारखाना सरकारी पैशातून बांधायला घेतला. तो पुरा होईपर्यंत युद्ध संपलं होतं. मळीची जहाजं पुन्हा धावू लागली, पेट्रोलियमपासूनचं अल्कोहोल त्याहून स्वस्त पडू लागलं आणि स्प्रिंगफील्डला धंदा म्हणून कधी पाय रोवता आलेच नाहीत.

स्वित्झर्लंडमध्ये तर या साखरेच्या भवितव्यावर जनतेनं मतदान केलं. ग्राउब्युंडेन प्रांतातल्या एम्स गावी वर्नर ओस्वाल्ड यांनी शोलरच्या रीतीवर कारखाना काढला होता. १९४१ पासून तिथलं लाकडी अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळलं जाई. लोक त्याला ‘एम्सचं पाणी’ म्हणत. युद्धात त्यावर गाड्या चालल्या, शांततेत मात्र त्याला सरकारी मदतीचा टेकू लागू लागला. १३ मे १९५६ च्या सार्वमतात मतदारांनी तो टेकू काढून घेतला. कारखान्यानं आम्लाचे हंडे मागे टाकले आणि कृत्रिम धाग्याकडे मोर्चा वळवला. प्रांताचं नाव आणि नायलॉन यांची सांगड घालून त्या धाग्याचं नाव ठेवलं ग्रिलॉन. आज तिथे मोठा रासायनिक उद्योग आहे, पण त्याचं मूळ भुशात आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

इथे ही कहाणी संपायला हवी होती. ती पुन्हा सुरू झाली एका कुजक्या कापडामुळे. तेही, ब्राकोनोंच्या चिंध्यांसारखं, टाकून देण्याच्या लायकीचंच.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू, कपडे, काडतुसांचे सुती पट्टे आठवड्यांत सडून जात. दमट हवेतली बुरशी कापूस खात होती. सैन्याच्या पुरवठा खात्यानं ही बुरशी गोळा करून तिचा अभ्यास सुरू केला, उद्देश एवढाच की तिला रोखायचं कसं. सॉलोमन बेटांमधल्या बूगनव्हिल इथे सापडलेल्या एका बुरशीला ‘क्यूएम-६ए’ असा नोंदक्रमांक मिळाला. त्यातलं ‘क्यूएम’ म्हणजे पुरवठा खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिकच्या प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी तिच्यावर कित्येक वर्षं काम केलं. ही बुरशी जे रस, म्हणजे विकर (एन्झाइम), सोडते ते सेल्युलोजची साखळी कोमट पाण्यात, पन्नास अंशांच्या आसपास तोडतात, आणि ग्लुकोजला हातही लावत नाहीत. जळण्याची भीती नाही, भांडी गंजण्याची भीती नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा नेटिकमध्ये प्रश्न उलटा झाला. जिला मारायला निघालो होतो, तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं? १९७७ मध्ये या बुरशीला रीस यांच्या सन्मानार्थ ट्रायकोडर्मा रीसेई हे नाव मिळालं.

पण बुरशीचे विकर म्हणजे मोठाले रेणू. शुद्ध कापसात ते सहज शिरतात, लाकडात किंवा पेंढ्यात नाही. कुडाच्या भिंतीत शिरायला फटच नसते. नेटिकमध्ये जुनी वर्तमानपत्रं गिरणीत अगदी पिठासारखी दळून पाहिली. काम झालं, पण दळण्यालाच इतकी ऊर्जा लागली की इंधन बनवण्यात अर्थ उरला नाही.

तेव्हा आम्लाला परत बोलावलं गेलं, या वेळी अर्ध्याच कामासाठी. न्यू हॅम्पशरमधल्या डार्टमथ इथे हॅन्स ग्रेथलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक टक्क्याच्या आसपासचं गंधकाम्ल आणि बारीक केलेली वनस्पती यांचा रबडा नळीतून वाहता ठेवला, दोनशे अंशांच्या आसपास, काही सेकंदच. सीमन यांचे आकडे जे सांगत होते ते आता यंत्रात उतरत होतं. सेल्युलोज फोडायचंच नाही. फक्त हेमिसेल्युलोजचं बांधण विरघळवायचं, लिग्निनचं लिंपण सैल करायचं आणि भिंतीत भोकं पाडायची. पुढचं काम विकरांचं. ग्रेथलाइन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की लाकडातली किती छिद्रं ५१ अँगस्ट्रॉमहून, म्हणजे पाच नॅनोमीटरहून मोठी झाली, त्यावर साखर किती वेगानं सुटेल ते ठरतं. विकराचा रेणू साधारण तेवढाच असतो. दार किती उघडलं हे मोजण्याची पट्टी मिळाली होती.

या कामाला पूर्वप्रक्रिया म्हणतात. शब्द रूक्ष आहे, पण ब्राकोनोंपासून चाललेल्या झटापटीत आम्लाशी झालेला हा पहिला शहाणपणाचा तह आहे. कोयत्यानं नारळ फोडायचा आणि खोबरं खोवणीनं काढायचं, दोन्ही कामं एकाच हत्याराकडून करून घ्यायची नाहीत.

तरी अडचणी सरल्या नाहीत. हेमिसेल्युलोज विरघळताना त्यातून मुख्यतः झायलोज ही साखर निघते आणि तीही आम्लात करपून फरफुराल बनते. हेच फरफुराल १९२० च्या दशकात क्वेकर ओट्स कंपनीनं आयोवात ओटच्या टरफलांतून आम्लानं काढून विकायला सुरुवात केली होती, रेझिन आणि द्रावक म्हणून त्याला चांगला भाव होता. यीस्टसाठी मात्र ते विष. त्यात हेमिसेल्युलोजमधून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाची भर. रस यीस्टला देण्याआधी चुना घालून शांत करावा लागतो आणि त्यातून जिप्समचे ढीग तयार होतात. दुसरं म्हणजे पाव फुगवणारं नेहमीचं यीस्ट झायलोज खातच नाही. पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी १९९० च्या दशकात जनुकं बदलून झायलोजवर जगणारं यीस्ट तयार केलं, तेव्हा पेंढ्यातली दुसरी साखरही हिशेबात धरता आली. कोलोरॅडोतल्या गोल्डन इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं पातळ आम्लाची पूर्वप्रक्रिया मक्याच्या ताटांवर वर्षानुवर्षं तपासली. तापमान किती, आम्ल किती, वेळ किती, यांचे तक्ते जगभर वापरले जातात.

प्रयोगशाळेत जमलेलं शेतात जमेलच असं नाही. आयोवातल्या एमेट्सबर्गला २०१४ मध्ये मक्याच्या बुरकुंडांवर आणि ताटांवर चालणारा मोठा कारखाना थाटात उघडला. पूर्वप्रक्रियेच्या यंत्रांनीच त्याला वर्षानुवर्षं दमवलं आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबवावं लागलं. कॅन्ससमधल्या ह्युगोटनचा कारखाना दोन वर्षांत दिवाळ्यात निघाला. पेंढा शेतातून येतो तेव्हा त्याच्याबरोबर माती येते, वाळू येते, दगड येतात, आणि दोनशे अंशांच्या आम्लात हे सगळं ढवळणं कुठल्याच यंत्राला सोसत नाही.

महाराष्ट्राचा या कहाणीशी धागा आहे, आणि तो आजचा आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं मळीपासून अल्कोहोल करण्याच्या यंत्रांवर आपला जम बसवला. त्याच कंपनीनं २०१७ मध्ये दौंडजवळ पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करणारा प्रात्यक्षिक कारखाना उभारला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही अरविंद लाली यांच्या गटानं याच प्रश्नावर काम केलं आणि उत्तराखंडात काशीपूरला २०१६ मध्ये त्यांच्या तंत्राचा कारखाना सुरू झाला. आपल्याकडच्या वाचकाला प्रश्न पडेल, की उसाच्या चिपाडाचं असं का करत नाहीत? कारण चिपाड इथे कचरा नाहीच. साखर कारखाना ते बॉयलरमध्ये जाळून स्वतःची वाफ करतो आणि उरलेली वीज विकतो. ज्याला आधीच भाव आहे, त्याला हंड्यात घालणं परवडत नाही. भाताचा पेंढा मात्र पंजाब-हरयाणात शेतातच पेटवला जातो आणि त्या धुरात दिल्ली गुदमरते.

१० ऑगस्ट २०२२ रोजी हरयाणातल्या पानिपत इथे इंडियन ऑइलचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. तंत्र प्राजचं, कच्चा माल भाताचा पेंढा. ९०० कोटींहून जास्त खर्च, वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं गणित. म्हणजे टनाला दीडशे लिटर. टोर्नेशच्या लाकडापेक्षा हा आकडा कमी आहे, पण पेंढा म्हणजे लाकूड नव्हे. त्यात राख भरपूर, आणि त्या राखेत सिलिका इतकी की ती यंत्रांची पाती कानशीसारखी झिजवते. पेंढा वर्षभर पुरायला हवा आणि तो मिळतो मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच. भात कापल्यावर गहू पेरायला शेतकऱ्याच्या हातात दोन-तीन आठवडे असतात. तेवढ्यात गठ्ठे बांधणारं यंत्र बांधावर पोहोचलं तर पेंढा कारखान्यात जातो, नाहीतर काडी लागते.